आपण कोणावर अवलंबून आहोत

डेबिअन किंवा उबुंटूसारख्या लिनक्सच्या वाणावर एखादे सॉफ्टवेअर बसवू लागले की प्रणाली लगेच कामाला लागत नाही. आधी ती एक यादी समोर ठेवते. तुम्ही मागितलेले पॅकेज हे. त्याच्यासोबत यावी लागणारी ही नऊ. एवढे उतरवून घ्यावे लागेल, डिस्कवर एवढी जागा व्यापली जाईल. पुढे जायचे का? बहुतेक मंडळी 'वाय' हे अक्षर दाबून मोकळी होतात. आम्हा दोघांना मात्र ही यादी वाचण्याची खोड लागली आहे. मराठीचे अध्यापक असल्यामुळे असेल. ग्रंथ हाती आला की आधी ऋणनिर्देश आणि शेवटची संदर्भसूची पाहावी, आणि लेखक कोणाच्या पंक्तीला बसून आला आहे याचा अंदाज बांधावा, ही सवय वीस वर्षांच्या अध्यापनात अंगी मुरलेली असते.

संगणकशास्त्राशी आमचा पदवीचा संबंध नाही. एका तालुक्याच्या गावी आम्ही मराठी शिकवतो. घरच्या संगणकावर आणि विभागातील चार जुन्या यंत्रांवर डेबिअन आहे, आणि त्यामागे सुरुवातीला काही तत्त्वज्ञानही नव्हते: यंत्रे धडधाकट होती, नवे परवाने घेण्यास पैसे नव्हते, एवढेच. पण वापरता वापरता लक्षात येत गेले की या प्रणालीचे खरे वैशिष्ट्य तिच्या खिडक्यांत आणि चित्रांत नसून सॉफ्टवेअर आणण्याच्या, ठेवण्याच्या आणि काढण्याच्या रीतीत आहे. ही रीत साहित्याच्या माणसाला परकी वाटत नाही. परकी न वाटण्याचे कारण शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

नोकरीत लागताना, आणि पुढेही वेळोवेळी, आम्हाला एक तक्ता भरून द्यावा लागतो. 'अवलंबित कुटुंबीय' असे त्याचे शीर्षक. तुमच्यावर कोण कोण अवलंबून आहे त्यांची नावे, नाते, वय. पॅकेजलाही असाच एक तक्ता भरावा लागतो. मात्र तिथला प्रश्न उलटा आहे. तू कोणावर अवलंबून आहेस? कोणत्या आवृत्तीवर? ते नसेल तर तुझे चालेल की नाही? आम्हाला उभ्या आयुष्यात कोणी हा प्रश्न छापील स्वरूपात विचारलेला नाही. विचारला असता तर तक्त्याच्या ओळी पुरल्या नसत्या.

डेबिअनचे पॅकेज म्हणजे एक गाठोडे. ते सोडले तर आत तीनच वस्तू निघतात: गाठोड्याच्या बांधणीची आवृत्ती सांगणारी एक छोटी फाइल, प्रत्यक्ष सामानाचा गठ्ठा, आणि त्या सामानाविषयीच्या माहितीचा गठ्ठा. या तिसऱ्या गठ्ठ्यात 'कंट्रोल' नावाची साधी मजकुराची फाइल असते. नाव, आवृत्ती, कोणत्या जातीच्या यंत्रासाठी, सांभाळणाऱ्या व्यक्तीचे किंवा गटाचे नाव व पत्ता, कोणावर अवलंबून, आणि शेवटी वर्णन. ग्रंथाच्या मुखपृष्ठामागील पानावर प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती यांची जी माहिती असते तिचाच हा भाऊबंद. फरक एवढाच की ग्रंथातील ते पान कोणी वाचले नाही तरी ग्रंथ उघडतो. इथे ते पान खोटे निघाले तर पॅकेज चालत नाही.

हे नेहमीच असे नव्हते. लिनक्सच्या आरंभीच्या दिवसांत सॉफ्टवेअर मिळे ते मूळ आज्ञावलीच्या रूपात. ती आपणच उतरवून घ्यायची, आपल्याच यंत्रावर तिच्यापासून चालणारा प्रोग्रॅम घडवायचा, आणि तो जागच्या जागी बसवायचा. मध्येच कुठेतरी संदेश येई की अमुक एक लायब्ररी सापडत नाही. मग ती शोधायची. तिला आणखी तिसरी हवी असे. शिवाय कोणती फाइल कोठे जाऊन बसली याची नोंद कोणाकडेच नसल्यामुळे सहा महिन्यांनी तो प्रोग्रॅम काढायचा म्हटला की घरभर विखुरलेले तांदूळ वेचण्यासारखी गत. ऑगस्ट १९९३मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील इअन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबिअनची घोषणा केली. डेब्रा या तेव्हाच्या मैत्रिणीचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने हा शब्द घडवला होता. 'डीपीकेजी' या साधनाने कोणती फाइल कोणत्या पॅकेजची याची वही ठेवायला सुरुवात झाली. तरीही लागणारी इतर पॅकेजे हुडकून आणण्याचे काम माणसावरच होते. १९९९च्या 'स्लिंक' या आवृत्तीबरोबर 'ॲप्ट' आले आणि ते कामही यंत्राकडे गेले: दूरच्या भांडारातील सूची वाचायची, कोणाला कोण हवे याचा हिशेब करायचा आणि सगळी वरात क्रमाने घरात आणायची. आज आपण टर्मिनलमध्ये 'ॲप्ट इन्स्टॉल' लिहितो किंवा सिनॅप्टिकच्या खिडकीत चौकोनावर खूण करतो, तेव्हा हाच हिशेब मागे चाललेला असतो.

या हिशेबाची परिभाषा मोठी लोभस आहे. अवलंबित्वाला तिने एकाच शब्दात कोंबलेले नाही. 'डिपेन्ड्स' म्हणजे याच्यावाचून चालणारच नाही. 'रेकमेन्ड्स' म्हणजे नसले तरी चालेल, पण असाधारण परिस्थिती सोडली तर सोबत असावेच. डेबिअनच्या मूळ मांडणीत या शिफारशीही आपोआप बसवल्या जातात. 'सजेस्ट्स' म्हणजे असल्यास बरे. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे आम्ही दोघे एका घरात नांदू शकत नाही. 'ब्रेक्स' म्हणजे मी आलो तर त्याचे बिघडेल. आणि 'प्रोव्हाइड्स' म्हणजे अमुक भूमिका मी वठवू शकतो: एखाद्या पॅकेजला टपाल पोचवणारा कोणीतरी हवा असतो, तो 'एक्झिम' आहे की 'पोस्टफिक्स' याची त्याला पर्वा नसते. साहित्यसमीक्षेत आपण 'प्रभाव' हा एकच शब्द किती प्रकारच्या नात्यांसाठी राबवतो! एका कवीवाचून दुसरा कवी संभवतच नाही, हेही प्रभाव. आणि कोणाच्या तरी संग्रहात एखादी प्रतिमा आठवून जाते, हेही प्रभाव. डेबिअनच्या धोरणपुस्तिकेने जेवढी छाननी केली आहे तेवढी आपल्या प्रबंधांनी केली असती तर निम्मे वाद मिटले असते, असे आम्हाला वाटते.

दुसरी आकर्षक गोष्ट म्हणजे पॅकेजच्या सांभाळकर्त्याची, तिकडच्या भाषेत 'मेंटेनर'ची, भूमिका. प्रोग्रॅम लिहिणारा एक असतो आणि त्याचे पॅकेज घडवणारा बहुधा दुसराच. हा दुसरा मूळ आज्ञावली जशीच्या तशी ठेवतो आणि आपण केलेले बदल वेगळ्या तुकड्यांच्या रूपात बाजूला ठेवतो. बदल का केला हेही तिथेच लिहायचा रिवाज आहे. मूळ काय, दुरुस्ती काय, आणि दुरुस्ती कोणी केली, हे कोणालाही पाहता येते. आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असेही शेवटी बजावून ठेवले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९मध्ये हाती घेतली आणि १९६६मध्ये ती पुरी झाली. वर स्वीकृत पाठ, खाली पाठभेद: ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्याने खालच्या ओळी वाचून आपला निर्णय करावा. पॅकेज सांभाळणारा मनुष्य याच गोत्रातला. तो लेखक नव्हे आणि वाचकही नव्हे. त्याचे नाव 'कंट्रोल' फाइलच्या एका ओळीत असते आणि ती ओळ आपण वाचत नाही.

ही ओळ वाचायची नसेल तर निदान तिच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हे कळायला हवे. गेल्या वर्षीची गोष्ट. विभागातील यंत्रावर एका विद्यार्थिनीला चित्रे कापण्याजोगे काहीतरी हवे होते. तिने नाव शोधले आणि गोंधळून विचारले, "मॅडम, कुठल्या साइटवरून घेऊ? पहिलीच लिंक उघडली तर डाउनलोडची तीन हिरवी बटणं दिसतायत."

"कुठल्याच साइटवरून नको. टर्मिनल उघड आणि भांडारातून माग."

"पण भांडार तरी कोणाच्या तरी साइटवरच असणार ना?"

प्रश्न बिनतोड होता, आणि त्याचे उत्तर या व्यवस्थेचा कणा आहे. भांडाराच्या मुख्य सूचीवर डेबिअनची अंकीय सही असते. त्या सूचीत इतर सूच्यांचे ठसे असतात, आणि त्या सूच्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा. गाठोड्यातील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते गाठोडे नाकारते. सही तपासण्याची किल्ली प्रणालीबरोबरच आपल्या यंत्रावर आलेली असते. म्हणून प्रत कोणत्या देशातील कोणत्या आरशावरून उतरली याला महत्त्व राहत नाही. वाहक कोणीही असो, लाखेची मोहोर शाबूत असली की पुरे. कोठून तरी तीन हिरव्या बटणांतील एक दाबून आणलेल्या फाइलवर अशी मोहोर नसते. कोणाचेही खाजगी भांडार आपल्या सूचीत जोडून घेणे म्हणजे तर त्या अनोळखी माणसाला आपल्या घरात वाटेल ते बसवण्याचा कायमचा परवाना देणे होय. निरनिराळ्या भांडारांची सरमिसळ करून घडलेल्या प्रणालीला डेबिअनवाले 'फ्रँकनडेबिअन' म्हणतात. आम्ही विद्यार्थ्यांना क्षेपकांचे उदाहरण देतो: एक ओवी बाहेरची शिरली की तिच्या आधाराने दुसरी शिरते, आणि मग पुढच्या पिढीला मूळ कोणते हे सांगता येत नाही.

पॅकेज आणण्याविषयी सगळेच बोलतात. काढण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. खरे पाहता व्यवस्थेची कसोटी तिथे लागते. 'रिमूव्ह' म्हटले तर प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या मांडणीच्या फायली मागे राहतात; पुन्हा बोलावले तर तो आपल्या जुन्या सवयींसह परत येतो. 'पर्ज' म्हटले तर त्या मांडणीच्या फायलीही जातात. मात्र आपल्या घरच्या फोल्डरात प्रोग्रॅमने ठेवलेल्या खुणांना दोन्हीतील कोणीच हात लावत नाही. त्याहून हृद्य म्हणजे 'ऑटोरिमूव्ह'. प्रत्येक पॅकेज आपण मागून आले की दुसऱ्या कोणासाठी आले याची नोंद प्रणाली ठेवते. ज्याच्यासाठी आले तो निघून गेला की सोबतच्या मंडळींना ती 'आता गरज नाही' अशा यादीत घालते. अशा वेळी त्यातील एखाद्यावर 'हे मीच मागितले आहे' अशी खूण करून त्याला राखता येते. आणि काही पॅकेजे 'अत्यावश्यक' म्हणून नोंदलेली असतात. ती काढण्याची आज्ञा कोणी दिलीच तर काही वर्षांपूर्वीपर्यंत ॲप्ट 'होय, मी सांगतो तसे कर!' या अर्थाचे पूर्ण इंग्रजी वाक्य, उद्गारचिन्हासह, टंकायला लावत असे. त्यानंतर ते वाक्यही पुरेसे नाही असे ठरले आणि कुंपण आणखी उंच झाले.

आता ज्या प्रसंगामुळे हा सगळा विचार आमच्यासाठी पुस्तकी राहिला नाही, त्याकडे येतो. आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांनी तीसेक वर्षे खपून आमच्या भागातील शेतीचे शब्द गोळा केले आहेत. साडेतीन हजारांच्या आसपास कार्डे. त्यांत मोटेचेच शब्द केवढे: नाडा, सोंदूर, थारोळे, धाव. मोट गेली, विहिरीवर पंप आले, आणि ज्यांच्या तोंडी हे शब्द होते ती माणसेही एकेक करून गेली. सरांनी ही कार्डे नव्वदच्या दशकात एका छपाईच्या दुकानात बसून टंकून घेतली होती, त्या काळच्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये. असे फाँट रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवत. फाँट नसेल तर सगळा मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक रास म्हणून दिसतो. त्यातही ऱ्हस्व वेलांटी कागदावर दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफाराचे नेमके उलटे. म्हणून रूपांतर म्हणजे नुसती अक्षराला अक्षराची अदलाबदल नसते, त्याला व्याकरणासारखे नियम लागतात.

२०११च्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याने हे नियम बसवून पायथन या भाषेत एक रूपांतरक लिहिला होता आणि 'न'पर्यंतचे शब्द युनिकोडमध्ये आणले होते. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला आणि काम थांबले. २०२४च्या उन्हाळ्यात सरांनी उरलेल्या फायलींची सीडी आमच्या हाती दिली. म्हणाले, "डोळे आता साथ देत नाहीत. 'प'पासून 'ह'पर्यंत राहिलंय. तुम्ही दोघं बघा."

आम्ही रूपांतरक चालवून पाहिला. विभागात तेव्हा डेबिअनची २०२३ची 'बुकवर्म' ही आवृत्ती होती, आणि तिच्या भांडारात पायथनची दुसरी पिढी उरलेलीच नव्हती. तिचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला होता. तिसऱ्या पिढीत जे बदलले त्यांतील सर्वांत मोठा बदल नेमका अक्षरांविषयीचा: साठवलेले अंक निराळे आणि अक्षरे निराळी, हा भेद दुसरी पिढी सैलपणे पाळत असे, तिसरी काटेकोरपणे पाळते. आमचा रूपांतरक सगळा उभा होता त्या सैलपणावर. सरांना हे समजावून सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे यंत्राचीही बोली मरते?"

मरते खरी, पण दफ्तरी नोंद राहते, आणि या व्यवस्थेचे मोठेपण आम्हाला तेव्हा उमगले. पुण्याच्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, नव्याने लिहायला बसलो तर चारशे नियम पुन्हा तपासावे लागतील. त्यापेक्षा जुनं पायथन त्याच्या जुन्या घरासकट आणा." 'डेबूटस्ट्रॅप' नावाचे एक छोटे साधन आहे. ते एका फोल्डरात डेबिअनची जुनी आवृत्ती पायापासून उभी करते: तिची स्वतःची लायब्ररी, तिची स्वतःची सूची, तिचे स्वतःचे ॲप्ट. बाहेर २०२३, आत २०२१ची 'बुल्सआय', आणि तिच्या भांडारात पायथनची दुसरी पिढी अजून होती. त्याहीपेक्षा जुने काही लागले असते तर 'स्नॅपशॉट' नावाचा संग्रह आहेच. २००५पासूनची डेबिअनची भांडारे त्यात तारीखवार जपून ठेवली आहेत. रूपांतरक त्या फोल्डरात ठेवला, आज्ञा दिली, आणि एका संध्याकाळी 'प'पासून 'ह'पर्यंतचे शब्द देवनागरीत आले. तपासणीला मात्र चार महिने लागले. सर भिंग घेऊन बसत, आम्ही वाचून दाखवत असू, आणि रफार चुकीच्या अक्षरावर बसलेला ते ऐकूनच ओळखत.

हे शक्य झाले ते कशामुळे? रूपांतरकाला काय काय लागते हे कोठेतरी लिहिलेले होते, आणि जे लागते ते कोणीतरी फेकून दिलेले नव्हते. एवढ्या दोनच गोष्टी. सरांच्या कार्डांनाही हेच लागू आहे. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात शब्द कोणत्या गावी, कोणाकडून, कोणत्या साली ऐकला याची नोंद आहे. विद्यार्थिदशेत आम्हाला तो काच वाटे. "गावाचं नाव नसेल तर तो शब्द तुमचा नाही आणि माझाही नाही, अफवा आहे," असे ते म्हणत. अवलंबित्व लिहून ठेवलेले नसेल तर वस्तू टिकत नाही, हा पाठ आम्ही आधी सरांकडून ऐकला होता. त्याचा अर्थ ॲप्टच्या यादीने उलगडला.

अलीकडे या रीतीला पर्याय निघाले आहेत. 'स्नॅप' आणि 'फ्लॅटपॅक' यांत प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याला लागणारे बरेचसे सामान आपल्याबरोबर घेऊनच येतो. दशम्या बांधून घेऊन निघालेल्या प्रवाशासारखा. वाटेत कोणाच्या दारी बसायला नको. नवी आवृत्ती लवकर मिळते, भांडणे कमी होतात, आणि हे फायदे खरे आहेत. पण सामाईक लायब्ररी एकच असण्याचाही एक अर्थ होता. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीला आला, तेव्हा ते एक पॅकेज बदलून आणि संबंधित सेवा पुन्हा सुरू करून त्याच्यावर टेकलेले सगळे प्रोग्रॅम दुरुस्त झाले. ज्याने आपली प्रत आपल्या गाठोड्यात बांधून आणली होती, त्याला स्वतःचे गाठोडे स्वतःच सोडावे लागले.

एकमेकांवर टेकण्याची ही रीत भाबडी आहे असे मात्र कोणी समजू नये. मार्च २०२४मध्ये तिची कठोर परीक्षा झाली. 'एक्सझेड' हे फायली दाबून लहान करण्याचे साधन. वर्षानुवर्षे ते मुख्यतः एकच गृहस्थ बिनमोबदला सांभाळत होते. 'जिया टॅन' असे नाव धारण करणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे निष्ठेने मदत केली, दुरुस्त्या पाठवल्या. दरम्यान काही अनोळखी नावांनी मूळ सांभाळकर्त्यावर 'काम जमत नसेल तर दुसऱ्याला द्या' असा तगादा लावला. थकलेल्या माणसाने अधिकार वाटून दिला, आणि त्या अधिकाराच्या आडून एक चोरदरवाजा बसवला गेला. त्याचा रोख होता दूरच्या यंत्रात शिरण्याच्या 'एसएसएच' या सेवेवर. एसएसएचला स्वतःला एक्सझेड लागतही नाही. पण डेबिअनसह काही वितरकांनी तिला 'सिस्टमडी'ची एक लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीला एक्सझेडची लागत होती. अवलंबिताचे अवलंबित्व: यादीत तिसऱ्या ओळीला आलेले, कोणी न मागितलेले नाव.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला या प्रकरणातील एक तपशील विशेष बोचतो. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या मूळ संहितेत चोरदरवाजा पूर्णपणे नव्हताच. तो जागा करणारी ओळ केवळ वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात घातलेली होती. हस्तलिखित एक आणि छापील प्रत निराळी. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहणारा कोणी नव्हता. हे उघडकीला आणले अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएलच्या विकासकाने. एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या क्षुल्लक शंकेचा त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी निष्कर्ष जाहीर केला. बाधित आवृत्त्या डेबिअनच्या चाचणीच्या शाखांत पोचल्या होत्या. स्थिर आवृत्तीत पोचल्या नव्हत्या. 'स्थिर' शाखेतील सॉफ्टवेअर नेहमी जुनेच का असते अशी तक्रार करणाऱ्यांना त्या आठवड्यात उत्तर मिळाले. संपादनाला लागणारा वेळ हा वाया गेलेला वेळ नसतो.

आम्हाला या प्रकरणात चोरापेक्षा तो थकलेला सांभाळकर्ता अधिक आठवत राहतो. एवढे मोठे जग ज्याच्यावर टेकले होते त्याची चौकशी करणारी पत्रे आली ती तगाद्याची. आपल्या भाषेतील कितीतरी कामे अशाच एकेका माणसाच्या खांद्यावर उभी आहेत: एखादे अनियतकालिक, एखादी सूची, एखाद्या बोलीचा कोश. ती चालू आहेत तोवर आपण त्यांचा उल्लेखही करत नाही. डेबिअनमध्ये निदान यासाठी रिवाज आहे. सांभाळणे शक्य नसेल तर मनुष्य तसे जाहीर करतो आणि पॅकेज 'अनाथ' म्हणून नोंदले जाते. आपल्याला जमणार नाही असे जाहीर करण्यात तिथे कमीपणा मानत नाहीत. अनाथांची यादी खुली असते आणि कोणालाही पुढे होऊन दत्तक घेता येते. मराठीच्या क्षेत्रात अशी यादी असती तर तिच्यावर काय काय आले असते, याची कल्पना प्रत्येक वाचकाने आपापली करावी.

मराठीचा या भांडाराशी संबंधच नाही असे नाही. डेबिअनच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे. मराठी वातावरणासाठी 'टास्क-मराठी' नावाचे पॅकेज आहे, देवनागरीसाठी 'लोहित' फाँट आहे, शुद्धलेखन तपासण्यासाठी 'अ‍ॅस्पेल-एमआर' आहे. हे सगळे कोणीतरी बसून केलेले आहे. पॅकेजांची वर्णने निरनिराळ्या भाषांत आणण्याचा एक उपक्रमही डेबिअनमध्ये चालतो आणि त्याला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही; इंग्रजी समजणे आणि मराठी लिहिता येणे एवढेच लागते. पॅकेजे साठ हजारांहून अधिक आहेत, तेव्हा काम संपण्याची भीती नाही.

यंदा एम. ए.च्या वर्गाला आम्ही सरावासाठी अशी वर्णने भाषांतराला दिली. पहिल्याच तासाला गाडी 'डिपेन्डन्सी'पाशी अडली. 'अवलंबित्व' म्हटले तर शासननिर्णयाचा वास येतो, असे एकाचे म्हणणे. 'आधार' सुचवला तर सगळा वर्ग हसला. तो शब्द आता कार्डाच्या मालकीचा झाला आहे. एक मुलगी म्हणाली, 'टेकू' का नको? दुसरीने हरकत घेतली की टेकू पडणाऱ्या गोष्टीला देतात, आणि इथे तर काहीच पडत नाहीये. त्यावर पहिली म्हणाली, "टेकू काढून बघ, मग सांग." चर्चा अजून चालू आहे.